पुसल्या गेलेल्या ड्रॉइंग्जचं पहिलं अक्षर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पंपांच्या कारखान्यात मी ट्रेसर म्हणून लागले, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ट्रेसर हा प्रकार आता कुठे राहिलेला नाही, म्हणून सांगते. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे. त्यावर आम्ही अर्धपारदर्शक ट्रेसिंग पेपर पसरायचो आणि प्रत्येक रेघ काळ्या शाईने गिरवायचो. शाई सांडली, रेघ पुढे गेली, की ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडून काढायची. दिवसभर मान खाली. आम्ही दोघी ट्रेसर होतो. दुसरी शहाडहून यायची, माझ्यापेक्षा वयाने मोठी होती आणि तिच्या रेघेला काही तोड नव्हती. मी तिला ताई म्हणायचे.

मी डोंबिवलीला लागून असलेल्या एका गावातली. आमचं घर आगऱ्यांचं. वडिलांनी तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात काम केलं, मग भातशेती केली. आमच्या घरात आयटीआयला गेलेली मी पहिलीच मुलगी. शिक्षण सगळं मराठीतून. गणित बरं होतं, चित्रकला उत्तम होती, आणि इंग्रजीचं नाव काढलं की मी वहीत तोंड खुपसायचे. स्पेलिंग चुकलं म्हणून शाळेत इतक्या वेळा बाकावर उभी राहिलेय, की पुढे इंग्रजी अक्षरं दिसली तरी पाय दुखल्यासारखे वाटायचे.

आमचे हेड ड्राफ्ट्समन कोपरीला राहायचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. अंगावर कायम पांढरा शर्ट, बोलणं शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. रागावले तरी अहो-जाहो सोडायचे नाहीत, आणि प्रसन्न किंवा गडबडीत असले की मला 'तू' म्हणायचे. त्यांनीच एक दिवस आम्हाला सांगितलं, "कंपनी कॉम्प्युटर घेत आहे. ड्रॉइंग्ज आता त्यावर होतील."

ताईने विचारलं, "आणि ट्रेसिंग?"

सर म्हणाले, "मशीनच छापून देतं."

एवढंच. पण आम्हाला समजलं.

कॉम्प्युटरसाठी काचेची वेगळी केबिन झाली. आत एसी, खिडकीला जाड पडदा, दाराबाहेर चपला काढायच्या. देवघरात जावं तसे सगळे अनवाणी आत जायचे. मशीनबरोबर ऑपरेटर म्हणून एक मुलगी आली. ती मूळची केरळची, पण जन्मापासून डोंबिवलीत वाढलेली. मराठी आमच्यासारखंच, फक्त आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने बोलायची. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. ती माझ्याच वयाची होती, तरी सगळे तिला मॅडम म्हणायचे. मीही म्हणायचे.

पहिले काही महिने नुसता गोंधळ होता. जो तो आपल्या मनाने फाइलींना नावं देत होता. पंपाच्या आत पाणी फिरवणारं जे पातं असतं, त्याला इंपेलर म्हणतात. एकाने फाइलीला पूर्ण नाव दिलं, दुसऱ्याने त्यातला एक एल खाल्ला, तिसऱ्याने ईच्या जागी ए लिहिला. मशीन नुसतं म्हणायचं, फाइल सापडत नाही. एकदा सरांनी मला एक ड्रॉइंग मशीनवर शोधून आणायला पाठवलं. मी केबिनच्या दाराशी उभी राहिले. आत मॅडम डबा खात होती.

"ये ना आत. काय पाहिजे?"

"इंपेलरचं ड्रॉइंग. पण मला त्याचं स्पेलिंग येत नाही."

मला वाटलं ती हसणार. ती म्हणाली, "इथे कोणालाच येत नाही. बस."

माझी बोटं तिने कीबोर्डवर ठेवली. डीआयआर, म्हणजे फाइलींची यादी दाखव, असं टाइप करून घेतलं, मग एक जागा सोडून आय, एम, पी.

"पुढचं येतं?"

"नाही."

"मग स्टार मार. हा बघ, आठाच्या डोक्यावर आहे. स्टार म्हणजे इथून पुढे काहीही असू दे, कितीही असू दे."

मी IMP* असं टाइप केलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर सगळे इंपेलर एकाखाली एक उभे राहिले. बरोबर लिहिलेले, एल खाल्लेले, ए घातलेले, सगळे.

"आणि मधलंच एखादं अक्षर आठवत नसेल तर?" मी विचारलं.

"तर त्या जागी प्रश्नचिन्ह. ते फक्त एका अक्षरासाठी. पण अक्षर कुठलंही चालतं."

जे येत नाही त्यासाठी इंग्रजीत एक खूण आहे, आणि ती टाइप केली तर कोणी बाकावर उभं करत नाही, हे मला फार मोठं वाटलं होतं. आज हे सांगताना लहान मुलीसारखं वाटतं, पण तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं. मॅडमने ते पाहिलं असावं. तिने डब्यातली केळ्याची भाजी माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "रोज ये. जेवणाच्या सुट्टीत. डबा इथेच आण."

तेव्हापासून मी रोज जायला लागले. एसीच्या खोलीत सुकटीचा, म्हणजे सुक्या मासळीचा, वास नको म्हणून आईला तांदळाची भाकरी आणि कसलीही साधी भाजी द्यायला सांगायचे. मॅडमला सुकटीचं कळलं तेव्हा ती भांडलीच. "अगं, मी मल्याळी आहे! आण ना!" मग एक दिवस केबिनला असा वास सुटला की सर दारातूनच परत गेले.

याच काळात सरांनी आणि तिने मिळून नावांची एक पद्धत ठरवली. नावाचं पहिलं अक्षर म्हणजे पंपाचा भाग. पंपाच्या बाहेरच्या कवचाला, केसिंगला सी, इंपेलरला आय, ते फिरवणाऱ्या दांड्याला, शाफ्टला एस, खालच्या बेसप्लेटला बी. पुढे पंपाचा नंबर, शेवटी सुधारणेचं अक्षर, ड्रॉइंग कितव्यांदा सुधारलंय ते सांगणारं. मग सगळी केसिंग्ज हवी असतील तर C* पुरायचं. आणि एकाच पंपाचे सगळे भाग हवे असतील तर पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, पुढे नंबर, मग स्टार. मला आता स्पेलिंगची गरजच उरली नव्हती. मी हळूहळू ड्रॉइंग्ज उघडायला शिकले, मग दुरुस्त करायला शिकले. ताईला मी किती वेळा म्हटलं की चल. ती म्हणायची, "तू शिक. माझं वय झालं आता." तिला तेव्हा चाळीशीही लागली नव्हती.

पुढे मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही. लागेल तेव्हा मी मशीन चालू करायचे, हवं ते छापून द्यायचे. आणि त्याच पावसाळ्यात ती गोष्ट झाली.

आमच्याकडे एक तरुण सर्व्हिस इंजिनीअर होता, कल्याणचा. हुशार आणि हसरा, कायम घाईत. त्याला एका गिऱ्हाइकाकडे ड्रॉइंग्जची फ्लॉपी न्यायची होती. जुनी फ्लॉपी आधी रिकामी करावी म्हणून त्याने मशीनला सांगितलं, DEL *.* म्हणजे सगळ्या नावांच्या सगळ्या फाइली पुसून टाक. मशीनने विचारलं, नक्की का? त्याने हो म्हटलं. फक्त त्या वेळी तो फ्लॉपीवर नव्हता, मशीनच्या आतल्या डिस्कवर होता, आमच्या ड्रॉइंग्जच्या खणात.

मी बाहेर ताईजवळ बसले होते. तो केबिनमधून आला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की मी आधी त्याला खुर्ची दिली.

"काय झालं?"

"सगळं गेलं," तो म्हणाला. "मी फ्लॉपी समजून... सगळी ड्रॉइंग्ज गेली."

कपाटात बॅकअपच्या फ्लॉपी होत्या. सरांनी त्या काढल्या. ठाण्याच्या पावसात चामड्याच्या चपलांना बुरशी येते, तशीच त्यांनाही आली होती. काही वाचल्या गेल्या, त्यातली ड्रॉइंग्ज बरीच जुनी होती. बाकीच्यांवर मशीन नुसतं घरघरायचं आणि विचारायचं, सोडून देऊ की पुन्हा बघू?

सर उठले. "मशीनला आता कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम तुझ्याच बाजूला राहतात ना? आत्ताच निघ. काय झालंय ते जसंच्या तसं सांग. आणि त्यांना इथे बोलावू नकोस, त्या ओल्या बाळंतीण आहेत. फक्त विचार."

मॅडम डोंबिवली पूर्वेला आईकडे होती. मी पोचले तेव्हा दुपारचं ऊन पडलं होतं. डोक्याला फडकं गुंडाळून ती पलंगावर बसली होती आणि मांडीवर बाळ झोपलेलं. मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं.

"त्यानंतर मशीनवर काही सेव्ह केलं?"

"नाही. सरांनी हात लावू दिला नाही."

"शाबास सर!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाळ दचकलं. "मग गेलेलं नाही काही. ऐक. मशीन फाइल पुसतं म्हणजे काय करतं माहितेय? नुसतं नावातलं पहिलं अक्षर खोडतं. जागा रिकामी आहे असं धरून चालतं, पण आतलं सगळं तिथेच असतं. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, की मग जातं."

"फक्त पहिलं अक्षर?"

"फक्त पहिलं. अनडिलीट म्हणून एक कमांड आहे. ती प्रत्येक फाइल दाखवेल, पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह असेल. आणि तुला विचारेल, इथे कुठलं अक्षर होतं? ते तू सांगायचंस."

"मी?"

"मग कोण? मी आले असते, पण आई सोडायची नाही." तिने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिची आई तिथूनच मल्याळममध्ये काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ मला न सांगताच कळला.

"मॅडम, आपल्याकडे पहिलं अक्षर म्हणजेच भाग. एका नंबरचं केसिंग, इंपेलर, शाफ्ट, सगळ्यांचं पुढचं नाव सारखंच. प्रश्नचिन्ह लागलं की सगळे एकसारखेच दिसणार. मी कसं ओळखू?"

ती बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत राहिली.

"ओळखू नकोस," ती शेवटी म्हणाली. "सुचेल ते अक्षर दे. फक्त दोघांना एकच नाव देऊ नकोस. अक्षर चुकलं म्हणून फाइल मरत नाही. एकदा परत आली की उघडून बघ आणि मग नाव बदल. घाबरू नकोस गं. चुकीचं अक्षर चालतं."

तिने मला कमांड तीन-चारदा म्हणायला लावली. निघताना म्हणाली, "आणि मला मॅडम म्हणणं बंद कर आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर, तो इंजिनीअर आणि मी चपला काढून केबिनमध्ये गेलो. मी खुर्चीत बसले. इंजिनीअर माझ्या मागे उभा होता. त्याने रात्रभर डोळा मिटला नसावा. मी कमांड टाइप केली, पुढे सगळ्या ड्रॉइंग्जसाठी स्टार घातला, आणि एंटर दाबलं.

पहिली फाइल आली. प्रश्नचिन्ह, नंबर, सुधारणेचं अक्षर. खाली मशीनचा प्रश्न, पहिलं अक्षर सांगा. बाजूला फाइल किती मोठी आहे तेही दिसत होतं.

सर पुढे वाकले. "एवढी मोठी आहे म्हणजे केसिंग असणार. सी टाका." केसिंगच्या ड्रॉइंगमध्ये रेघा सगळ्यात जास्त, म्हणून फाइलही मोठी. मी सी टाकलं. मशीन म्हणालं, फाइल परत आणली. पुढची लहान होती. सर म्हणाले, "शाफ्ट. किंवा... नाही, सांगता येत नाही."

"मग एक्स टाकते," मी म्हटलं. "नंतर बघू."

मागून इंजिनीअरने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "चालेल?"

"ती म्हणाली चालेल."

असं एकेक करत आम्ही पुढे गेलो. जिथे सरांना खात्री होती तिथे खरं अक्षर, जिथे नव्हती तिथे एक्स, वाय, झेड. इंजिनीअरने एक स्टूल ओढलं आणि कुठल्या नंबरला कुठलं तात्पुरतं अक्षर दिलं ते मला आठवण करून द्यायला लागला. त्याची स्मरणशक्ती भलती होती. दुपारपर्यंत त्याचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता.

मग पहिलं ड्रॉइंग उघडलं. तेव्हाची मशीनं इतकी सावकाश चालायची की चित्र रेघेरेघेने पडद्यावर यायचं. आधी चौकट आली, मग मध्यरेषा, मग एक मोठी वळणदार रेघ गोगलगायीच्या शंखासारखी फिरत गेली. सर हळूच म्हणाले, "केसिंग." पुढचं उघडलं. "इंपेलर." मी एक्स काढून आय घातलं. ताई काचेबाहेर उभी होती. सरांनी दार उघडून तिला आत बोलावलं, तशी तीही चपला काढून आली आणि आमच्यामागे उभी राहून पाहू लागली.

सगळीच आली नाहीत. काही फाइली डिस्कवर तुकड्यातुकड्यांत पसरलेल्या होत्या, त्या उघडल्या की नुसता कचरा दिसायचा. अशा वेळी ताई बाहेर जायची आणि मोठ्या कपाटातून त्याच पंपाचं जुनं ट्रेसिंग घेऊन यायची, कधीकाळी तिनेच शाईने गिरवलेलं. ते समोर पसरून मी मशीनवर नव्याने काढायचे. तिला सगळी मापं पाठ होती. मी काढायचे, ती सांगायची. तिसऱ्या का चौथ्या ड्रॉइंगला मी उठले आणि म्हटलं, "ताई, आता तू बस, मी सांगते." आणि ती बसली.

मधेच एकदा मालक आले. काचेतून आमची ती जत्रा बघून आत शिरले, बूट घालूनच.

"हे कोणी केलं?"

इंजिनीअर उठून उभा राहिला. तो काही बोलायच्या आत सर म्हणाले, "साहेब, ड्रॉइंग्ज परत येत आहेत. बरीचशी आली. उरलेली या दोघी काढत आहेत." मग जराही सूर न बदलता पुढे म्हणाले, "ट्रेसिंग बंद झाल्यावर या दोघींना मी मशीनवर घेणार आहे. बाहेरून माणूस शोधायला नको."

मालकांनी पडद्याकडे पाहिलं, ताईच्या पुढ्यातल्या ट्रेसिंगकडे पाहिलं. "बघा तुम्ही काय ते," म्हणाले आणि गेले. इंजिनीअरचं नाव त्या खोलीतून कधी बाहेर गेलं नाही. पुढे कितीतरी वर्षं दर दिवाळीला तो सरांच्या पाया पडायला कोपरीला जायचा.

आईने माझ्या मैत्रिणीसाठी अळिवाचे लाडू करून पाठवले. हो, मैत्रीणच. तिने सांगितल्यापासून मी तिला नावाने हाक मारायला लागले होते, सुरुवातीला जीभ अडखळायची. रजा संपवून ती आली तेव्हा ताईला मशीनवर बसलेली पाहून दारातच थांबली. मग तिने आम्हा दोघींना पुढचं सगळं शिकवलं. कुठलीही पुसायची कमांड द्यायच्या आधी तोच स्टार लावून डीआयआर मारून बघायचं, म्हणजे काय पुसलं जाणार ते आधी दिसतं, ही सवय तिचीच. दहा वर्षांनी मी ठाण्यातल्याच दुसऱ्या कंपनीत गेले. तिथे युनिक्स नावाच्या वेगळ्याच प्रणालीवर चालणारी मशीनं होती. फाइलीच्या आतला मजकूर शोधताना तिथे स्टारचा अर्थ वेगळाच निघाला, आणि 'कुठलंही एक अक्षर' म्हणायला प्रश्नचिन्हाऐवजी टिंब लागायचं. मी चक्रावून तिला फोन केला. तेव्हा ती नवऱ्याबरोबर कोचीला राहायला गेली होती. ती फोनवर हसत सुटली. म्हणाली, "मलाही हे रडत रडतच समजलं होतं. घे, लिहून घे."

पण ती कोचीला जाण्याआधीचा एक दसरा सांगायलाच हवा. दसऱ्याला कारखान्यात मशीनांची पूजा व्हायची आणि घरच्यांना बोलवायचे. त्या वर्षी मी वडिलांना आणलं. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातलेली. ते दारात चपला काढून आत आले, पण खुर्चीवर बसेनात. सरांनी हाताला धरून त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण उभे राहिले.

"गो बाय, यान तुजा काय काम?" वडिलांनी विचारलं.

मी प्रश्नचिन्ह टाकून एका पंपाचा नंबर मारला, त्याचे सगळे भाग नावानिशी आले. मग त्यातलं इंपेलर उघडून दाखवलं. वडील रेघा उमटताना पाहत राहिले. पूर्ण झाल्यावर ते सरांकडे वळले.

"साहेब, ह्यो पानी कसा खेचतं?"

सर स्टुलावर टेकले आणि हाताने पातं कसं फिरतं ते दाखवायला लागले. वडिलांनी लक्ष देऊन ऐकून घेतलं आणि मग मिठागरात भरतीचं पाणी फळी उचलून आत कसं घ्यायचे, ओहोटीला कसं कोंडून ठेवायचे ते सांगितलं. सरांना ते माहीत नव्हतं. त्यांनी कागद मागितला. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा ड्राफ्ट्समनची पेन्सिल हातात धरली आणि वाकड्यातिकड्या रेघांनी बांध, फळी आणि खाडी काढली. सर त्या कागदावर वाकून बारीकसारीक विचारत होते. माझी मैत्रीण आपल्या मुलीला कडेवर घेऊन आली, ताई पेढे घेऊन आली, चहा आला आणि निवला. ते दोघं बोलतच होते.